मॉर्फिनची गोळी तालुक्याच्या गावी कधी पोहोचणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्याच्या आरोग्यसेवेत काय सुधारायला हवं यावर आपल्या दैनिकात बरंच छापून येतं. रिक्त पदं, नवी वैद्यकीय महाविद्यालयं, महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाख झाली ते. मी ते सगळं वाचतो. पण ‘आता उपचार थांबवू, घरी न्या’ असं डॉक्टरांनी सांगून ज्याला परत पाठवलेलं असतं, त्याचं पुढे काय होतं हे त्यात कधी येत नाही. सातारा जिल्ह्याच्या डोंगराकडच्या भागात, तालुक्याच्या गावी माझं औषधाचं दुकान आहे. त्या माणसाच्या घरचं कुणीतरी हातात कागद घेऊन माझ्या काउंटरशी उभं असतं, म्हणून मला लिहावंसं वाटलं.

आमच्या भागात घरटी एक माणूस मुंबईला आहे. पूर्वी गिरणीत आणि गोदीत होते, आता माथाडी म्हणून नवी मुंबईच्या मार्केटात आहेत. त्यामुळे मोठं दुखणं निघालं की परळच्या टाटा रुग्णालयात जायचं हे ठरलेलं. राहायला भावाची खोली नाहीतर दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा. दुखणं बहुतेक तोंडाचं, जिभेचं, गालाचं. बायका मिश्री लावतात, लहानपणापासून लावतात, आणि ती तंबाखू आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. गडी गुटखा खातात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, हे वाक्य आमच्या एसटी स्टँडसमोर उभं राहून मोठ्यानं म्हणावं आणि लोकांची तोंडं बघावीत.

टाटातून घरी पाठवताना जो कागद देतात तो नीट लिहिलेला असतो. त्यावर मॉर्फिन, म्हणजे अफूपासून होणारं जोरदार वेदनाशामक, १० मिलिग्रॅम, दर चार तासांनी एक गोळी, झोपताना दोन, असं असतं. त्याखाली शौचाला साफ होण्याची गोळी, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठता होतेच. त्याखाली उलटीचं औषध. मी यादी खालून वर देत जातो. उलटीचं देतो, शौचाचं देतो आणि पहिल्या ओळीपाशी थांबतो. लोकांना वाटतं माल संपलाय. ‘मागवून ठेवा दादा, उद्या माणूस पाठवतो’ म्हणतात. साध्या दुकानाच्या परवान्यावर हे औषध ठेवता येत नाही, हे त्यांना समजावून सांगणं फार अवघड जातं. बाजूच्याच फडताळात झोपेच्या गोळ्या त्यांना दिसत असतात.

मुंबईहून आणलेल्या गोळ्या काही आठवडे पुरतात. मग पुन्हा रात्रीची गाडी. रोग्याला नेणं शक्य नसतं, म्हणून मुलगा कागद घेऊन जातो, त्याचा खाडा होतो. पुढे पुढे मुलगाही जात नाही, कारण रोग्याजवळ कुणीतरी माणूस लागतं. टाटाने देशभरातून येणाऱ्या प्रत्येकाला घरपोच गोळ्या द्याव्यात अशी अपेक्षा मी करत नाही. माझं गाऱ्हाणं परळच्या अलीकडे काही नाही याबद्दल आहे.

एका सुनेची गोष्ट सांगतो. सासऱ्यांच्या गालाला बाहेरून जखम फुटलेली, नाकातून नळी, नळीतून पेज आणि डाळीचं पाणी. ती दुकानात आली आणि इतर गिऱ्हाइकं जाईपर्यंत बाजूला उभी राहिली. मग हळूच म्हणाली, ‘मामांच्या जखमंचा वास जायचं काय हाय का?’ घरात पोरं त्या खोलीत जात नव्हती. शेजारपाजारचे उंबऱ्यातून विचारपूस करून परतत होते. टाटाच्या कागदावर त्याचं उत्तर होतं. मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून तिची पूड जखमेवर टाकायची, असं स्पष्ट लिहिलेलं. पण ते इंग्रजीत असल्यामुळे ती त्या गोळ्या नळीतून देत होती. मी काउंटरवरच दोन चमच्यांमध्ये गोळी दाबून पूड करून दाखवली, गॉजवर कशी पसरायची ते दाखवलं, गॉज काढायच्या आधी मिठाच्या कोमट पाण्याने भिजवायचा म्हणजे रक्त येत नाही, तेही सांगितलं. हे औषध अगदी स्वस्तातलं. आठवड्यानं ती आली तेव्हा म्हणाली, ‘वास गेला दादा, आता नातवंडं जवळ बसत्यात. पण रातच्याला कण्हत्यात ते ऐकवत न्हाय.’ त्या कण्हण्यावर माझ्याकडे ट्रॅमाडॉल होतं, मॉर्फिनपेक्षा सौम्य वेदनाशामक. तेही गावातल्या डॉक्टरांनी लिहून दिल्यावर.

ट्रॅमाडॉल वाईट औषध नाही. पण त्याला एक मर्यादा आहे, ती ओलांडली की झटके यायची भीती असते. मग डायक्लोफिनॅक या दुसऱ्या वेदनाशामकाची इंजेक्शनं सुरू होतात. गावोगावचे डॉक्टर ती देतात कारण त्यांच्या हातात दुसरं काही नसतं. उपाशी पोटी, म्हाताऱ्या मूत्रपिंडावर रोज ते इंजेक्शन म्हणजे दुखणं कमी करता करता नवं दुखणं. ज्यांची थोडी ऐपत आहे त्यांना शहरातले डॉक्टर फेंटॅनिलची पट्टी लिहून देतात. कातडीवर चिकटवायची, तीन दिवस चालते. एका पट्टीला कित्येक शे रुपये पडतात आणि तीही शहरातूनच आणावी लागते. तोंडावाटे घ्यायची मॉर्फिनची गोळी त्या पट्टीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. कॅन्सरच्या वेदनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये सौम्यापासून जोरदारापर्यंत औषधांची जी शिडी सांगितली, तिच्या वरच्या पायरीवर तीच आहे. बरं, अफू आपल्याच देशात पिकते. मंदसौर-नीमचच्या शेतात सरकारी परवान्याने, आणि नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. नीमच आमच्यापासून काही विलायतेत नाही.

मग अडतं कुठे? १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यापासून अनेक वर्षं रुग्णालयांना मॉर्फिनसाठी निरनिराळ्या खात्यांचे वेगवेगळे परवाने लागत. एक हातात येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. त्या काळात रुग्णालयांनी मॉर्फिनचा नाद सोडला, आणि डॉक्टरांच्या एका अख्ख्या पिढीने ते कधी लिहूनच दिलं नाही. पण २०१४ मध्ये संसदेने कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन या सहा औषधांना ‘अत्यावश्यक’ म्हणून वेगळं काढलं आणि २०१५ च्या नियमांनी सगळे परवाने जाऊन राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी ठरवली. वेदनोपचाराचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असावा, साठ्याची नोंद असावी, वर्षाचा हिशोब द्यावा, एवढंच. इतकी वर्षं झाली. एवढंही आमच्याकडे झालेलं नाही, आणि ते कुणी अडवून धरलंय असंही नाही. कुणी मागितलेलंच नाही.

इथे आमच्या धंद्याबद्दल एक बोललं पाहिजे. मॉर्फिन खुलं केलं तर पोरं नशा करतील, ही भीती मला कुणी सांगायला नको. कोडीनचं खोकल्याचं औषध आणि अल्प्राझोलामच्या पट्ट्या कुठल्या दुकानातून कशा जातात हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक असतं. अशा औषधांच्या ‘एच-वन’ या सरकारी वर्गाचं रजिस्टर २०१४ पासून सक्तीचं आहे. रोग्याचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिलं, सगळं लिहायचं आणि तीन वर्षं जपायचं. काही दुकानांत ते रजिस्टर तपासणीच्या आदल्या रात्री एकाच पेनाने लिहून होतं. म्हणून मॉर्फिन आम्हा दुकानदारांकडे सरसकट द्या असं मी म्हणत नाही. माझ्या व्यवसायबंधूंना हे रुचणार नाही, पण माझं मत तेच आहे. ते ग्रामीण रुग्णालयात द्या. दोन कुलपांचं कपाट, एक रजिस्टर, एक प्रशिक्षित डॉक्टर. केरळात कोझिकोडला १९९३ पासून असंच बाह्यरुग्ण विभागातून लोकांना गोळ्या घरी न्यायला दिल्या जातात. तिथल्या कामाचा अभ्यास २००१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. औषध चोरवाटेने गेल्याचं त्यात आढळलं नव्हतं. आणि खरंच, ज्याला दर चार तासांनी ती गोळी लागते तो असेपर्यंत त्याच्या घरात ती उरते कुठे विकायला?

दुसरी भीती डॉक्टरांची. ‘मॉर्फिन दिलं म्हणजे श्वास बंद पडेल’ किंवा ‘ते शेवटच्या दोन दिवसांत द्यायचं’. ज्यांनी हे माझ्याशी बोलून दाखवलं ते चांगले, प्रामाणिक डॉक्टर आहेत. त्यांना शिकवलंच नव्हतं. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे रोग बरा होणार नसला तरी वेदना आणि त्रास कमी करायची सेवा, खऱ्या अर्थाने शिरली ती २०१९ पासून. थोड्या मात्रेने सुरुवात करून दुखण्याच्या प्रमाणात वाढवत नेलं, तर लोक महिनोन् महिने त्या गोळ्यांवर राहतात, जेवतात, झोपतात, नातवाच्या बारशाला बसतात. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, तेवढ्यात घरचे घाबरून बंद करतात. म्हणजे त्या दोन-तीन दिवसांत फोन उचलणारी एक नर्स लागते. गोळीइतकीच ती नर्स महत्त्वाची.

केरळने २००८ मध्ये देशातलं पहिलं पॅलिएटिव्ह केअर धोरण केलं हे बऱ्याच जणांना माहीत असेल. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते असं की त्यांनी ते काम ग्रामपंचायतीच्या गळ्यात टाकलं. पंचायतीच्या पैशातून नर्स आणि गाडी, प्राथमिक आरोग्य केंद्राशी जोडलेली. ती ठरलेल्या दिवशी घरी येते, सोबत गावातलेच स्वयंसेवक असतात. सुरुवात सरकारने केलेली नव्हती. डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार अशा डॉक्टरांनी कोझिकोडमध्ये संस्था काढली, मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत लोकांनी वर्गणी काढली, आणि मग सरकारला धोरण करावं लागलं.

महाराष्ट्रही मागे नव्हता. उलट देशातला पहिला हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रोग्यांना सांभाळणारं केंद्र, शांती अवेदना, १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झाला. पुण्यात वारज्याचं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून विनामूल्य चालतं. पॅलिएटिव्ह मेडिसिनमधलं एम.डी. टाटात २०१२ पासून होतं. त्याच २०१२ मध्ये आपल्या राज्याने पॅलिएटिव्ह केअरचं धोरणही जाहीर केलं, केरळपाठोपाठ दुसरं. आता ही नावं आणि पत्ते पुन्हा वाचा. मुंबई, पुणे, मुंबई. वारजे आमच्याहून त्यातल्या त्यात जवळ, तरी दुखणाईत माणसाला जीपमध्ये आडवं टाकून नेण्याइतकं नक्कीच नाही. धोरणाचा जो भाग जिल्हा रुग्णालयापर्यंत आला तोही साताऱ्यातच थांबतो, आणि आमच्या वाड्यांहून सातारा गाठायचं म्हणजे दिवस मोडतो.

कागदावर मात्र सेवा आमच्या वाडीपर्यंत आलेली आहे. उपकेंद्राच्या भिंतीवर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असं रंगवलंय, तिथे मिळायच्या बारा सेवांत वृद्धांची काळजी आणि पॅलिएटिव्ह केअर हीही एक आहे. आमच्या आशाताई घरोघर जाऊन तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरतात. तंबाखू खाता का, दारू पिता का, कमरेचा घेर किती, तोंडात न भरणारी जखम आहे का. चांगलं काम आहे, त्यातून रोग लवकर सापडतात. पण ज्याची जखम सापडून, कापून, शेक देऊन झाली आणि तरी परत आली, त्याच्या घरी आशाताई काय घेऊन जाणार? मी एकीला विचारलं. ‘मी जाते हो, बसते जरा, पण माझ्या पिशवीत पॅरासिटामॉल हाय,’ म्हणाली.

आणि हे फक्त कॅन्सरचं नाही. माझ्या दुकानातून अलीकडे काय वाढलंय म्हणाल तर मोठ्या माणसांचे डायपर, लघवीच्या नळ्या आणि पिशव्या, पाठीच्या जखमांचं मलम. पोरं मुंबईला, गावात म्हातारा आणि म्हातारी, त्यातल्या एकाला अर्धांगवायू. लघवीची नळी ठरावीक दिवसांनी बदलावी लागते. ते काम परिचारिकेचं आहे, काही मिनिटांचं. त्यासाठी वाडीवरून जीप ठरवायची, दोन माणसांनी उचलून गाडीत घालायचं, रुग्णालयात रांगेत बसवायचं आणि पुन्हा तसंच घरी न्यायचं. जीपचं भाडं नळीच्या किमतीच्या कैक पट. म्हणून लोक नळी बदलायचं लांबवतात, मग ताप येतो, मग खासगी दवाखान्यात भरती.

महात्मा फुले योजनेचं मोल मी जाणतो. तिने आमच्याकडची कितीतरी कुटुंबं सावकाराच्या दारातून परत आणली. २०२३ च्या निर्णयाने ती राज्यातल्या सगळ्यांना खुली झाली, पिवळं-केशरी-पांढरं रेशनकार्ड हा भेद गेला, हेही उत्तम. पण तिचा पैसा रुग्णालयातल्या खाटेमागे जातो. ऑपरेशन, केमो, रेडिएशनला लाखाच्या घरात खर्च मंजूर होतो. त्याच माणसाला घरी झोपवून दुखणं आटोक्यात ठेवायला महिन्याला जे थोडके रुपये लागतील, ते कुठल्याच पॅकेजात बसत नाहीत. परिणाम असा की वेदना असह्य झाली की घरचे त्याला कुठेतरी दाखल करतात, कारण दाखल केलं तरच काहीतरी होतं. शेवटचे दिवस आयसीयूच्या काचेआड जातात आणि कधीकधी जाता जाता शेताचा तुकडाही जातो.

जाता जाता, मृत्युपत्रासारखं वैद्यकीय इच्छापत्र करायचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला, २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आपल्याकडे त्यावर लेखमाला येतात. ज्यांना शेवटी व्हेंटिलेटर नको त्यांची सोय झाली, छान झालं. पण व्हेंटिलेटर नको म्हणणाऱ्याला त्याऐवजी काय मिळणार? पुण्या-मुंबईत निदान काहीतरी मिळेल. इथे नको म्हणायला आधी मशीनही नाही आणि त्याऐवजीही काही नाही.

आरोग्यमंत्र्यांकडे माझं मागणं फार मोठं नाही. प्रत्येक तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयाने औषध नियंत्रकाकडे मान्यतेचा अर्ज करावा, असा आदेश निघावा. डॉक्टर प्रशिक्षित करायचे ते दोन करावेत. आमच्याकडे बंधपत्रित डॉक्टर वर्षासाठी येतात आणि वर्ष संपलं की पदव्युत्तर प्रवेशाला जातात. एकावर सगळं ठेवलं तर तो गेल्यावर कपाटाला कुलूप ते कायमचंच. परिचारिका मात्र टिकतात, वर्षानुवर्षं त्याच असतात, तेव्हा खरी भिस्त त्यांच्यावर ठेवावी. शिकवणाऱ्या संस्था आहेत, टाटा आहे, केरळची पॅलियम इंडिया आहे. गाडीसाठी नवीन खरेदीची निविदा काढू नये, त्यात तीन वर्षं जातील. बाळंतिणींना नेणारी १०२ ची गाडी आहे. ती अडली नसेल त्या दिवशी, आठवड्यातून एकदा, परिचारिकेला घेऊन ठरलेल्या वाड्यांवर फिरवता येईल. आणि डिझेल, गॉज, नळ्या यांचा खर्च ग्रामपंचायतींना आपल्या निधीतून करू द्यावा. गावच्या कमानीला लाखो रुपये मंजूर होतात तिथे एवढ्याला कोण नाही म्हणेल असं वाटत नाही.

एक बारीकशी गोष्ट, जी धोरण लिहिणाऱ्यांच्या लक्षात येणार नाही म्हणून मुद्दाम लिहितो. रोगी गेल्यावर घरात गोळ्या उरतात. दहाव्यानंतर घरची माणसं राहिलेली औषधं पिशवीत घालून माझ्याकडे घेऊन येतात, पैसे परत मागायला नव्हे, कुणा गरिबाला द्या म्हणून. त्यात मुंबईहून आणलेली मॉर्फिनची अर्धी पट्टीही असते. ती मला ठेवून घेता येत नाही, दुसऱ्या रोग्याला देता येत नाही, आणि घरी परत न्या म्हणणं तर सगळ्यात धोक्याचं. तेव्हा मान्यता देताना ग्रामीण रुग्णालयाने उरलेल्या गोळ्या मोजून, पावती देऊन परत घ्याव्यात आणि दोन साक्षीदारांसमोर नष्ट कराव्यात, असं एक कलम त्या आदेशात घालावं. नमुना मी लिहून देतो, असली रजिस्टरं सांभाळण्यातच आयुष्य गेलंय.

पत्रातल्या घरांची ओळख पटू नये म्हणून नाव-गाव छापू नये ही विनंती.

आपला,
एक औषध विक्रेता, जि. सातारा